घर देणं आणि घरात राहू देणं: ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ हे दोन शब्द करार हातात घेऊन कसे ओळखायचे

माझ्या भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा तिनं घराच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, लिव्ह म्हणजे सुट्टी ना? मग घराच्या कागदावर सुट्टी कशाला?’ मला तो प्रश्न फार आवडला. आपण सगळे भाड्याचा आकडा, डिपॉझिट आणि तारीख पाहून सही करतो, मथळ्यातल्या शब्दांकडे बघतही नाही. त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा जुना करार पाहण्यात आला. वर ठळक अक्षरांत ‘लीज डीड’ आणि आतली सगळी कलमं लायसन्सची. दोघींना वाटत होतं की एकाच गोष्टीची ही दोन नावं आहेत. तशी ती नाहीत. एका शब्दानं घरावर हक्क मिळतो, दुसऱ्यानं फक्त मुभा मिळते. घर सोडताना, घर विकलं जाताना किंवा मालक वारल्यावर हा फरक अंगावर येतो.

भाचीला जे समजावलं तेच इथे क्रमानं मांडतो. तुमचा करार जवळ घेऊन बसा, म्हणजे वाचता वाचता पडताळून पाहता येईल.

आधी ‘लिव्ह’ सोडवून घ्या

इंग्रजीत ‘लिव्ह’ असे दोन शब्द आहेत. मुळं वेगळी, पण आज दिसतात सारखे. एकाचा अर्थ सोडणं, निघून जाणं. दुसऱ्याचा अर्थ परवानगी. करारावरचा ‘लिव्ह’ हा दुसरा. गंमत म्हणजे नोकरीतली ‘लिव्ह’सुद्धा हीच: कामावर न येण्याची परवानगी. ‘परवानगी’ हा भाग बोलताना गळून पडला आणि उरली नुसती सुट्टी.

आपल्याकडे अगदी हेच घडलंय. ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ त्याचेच भाऊबंद. जुन्या मराठीत कुणाकडे तरी ‘रजा मागून’ माणूस निघायचा, म्हणजे जायची परवानगी मागायचा. पुढे रजेचा अर्थ सुट्टी झाला. म्हणजे भाचीनं ‘लिव्ह’चं भाषांतर सुट्टी केलं ते पूर्ण चूक नव्हतं, फक्त एक पायरी पुढचं होतं.

आता ‘लायसन्स’. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द, अर्थ पुन्हा परवानगीच. म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा परवानगी आणि परवानगी असा जोडशब्द आहे. इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आल्यावर तिथल्या कायद्याच्या कागदांत एक देशी आणि एक परका असे समानार्थी शब्द शेजारी बसवायची रीत पडली, त्यातलाच हा एक. आपण ‘कागदपत्र’ म्हणतो, ‘बाजारहाट’ म्हणतो, तसंच. सरकारी मराठीत या कराराला ‘संमती व परवाना करार’ म्हणतात. हे नाव मला इंग्रजीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते वाचल्यावर सुट्टीचा घोळ होत नाही.

मग दोन्ही शब्द मराठी क्रियापदांत बसवा

‘लीज’ हा शब्द फ्रेंचमधल्या ‘सोडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. मालक आपली वस्तू ठरावीक काळापुरती हातातून सोडतो आणि घेणारा ती धरतो. ‘लायसन्स’मध्ये मालक काहीच सोडत नाही, फक्त दार उघडतो.

मराठीत हा फरक सांगायला एका जास्तीच्या क्रियापदाचंच अंतर आहे:

‘मी त्याला घर दिलं.’ हे लीज.

‘मी त्याला घरात राहू दिलं.’ हे लायसन्स.

पहिल्या वाक्यात दिली गेलेली गोष्ट म्हणजे घर. दुसऱ्यात घर दिलेलंच नाही, राहण्याची क्रिया तेवढी होऊ दिली. पुढचा सगळा कायदा या दोन वाक्यांत सामावतो. करारातल्या कुठल्याही कलमापाशी अडलात तर इथे परत या आणि विचारा, इथे घर दिलंय की राहू दिलंय?

कायद्याची व्याख्याही हेच म्हणते. लीज म्हणजे भाडेपट्टा. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०५ मध्ये आहे: मोबदला घेऊन, ठरावीक काळासाठी किंवा कायमचा, मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचं हस्तांतरण. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, कलम ५२ मध्ये: दुसऱ्याच्या जागेत असं काही करण्याची मुभा, जे त्या मुभेशिवाय बेकायदा ठरलं असतं. आणि त्या मुभेतून मालमत्तेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही. दोन्ही शब्दांसाठी दोन वेगळे कायदे आहेत, यावरूनच ते किती लांबचे आहेत ते कळावं.

रोजच्या जगातली उदाहरणं घ्या. लग्नासाठी दोन दिवस घेतलेलं मंगल कार्यालय, वसतिगृहातली कॉट, लॉजची खोली: ही सगळी लायसन्सची दुनिया. मंगल कार्यालयाचे पैसे तुम्ही भरता, पण व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरतच असतो आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट नवी मुंबईतली बरीचशी जमीन सिडकोनं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली आहे. तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, घरं विकली गेली, त्यांवर कर्जं निघाली. नुसत्या मुभेवर असा संसार उभा राहू शकत नाही.

महाराष्ट्रात मालक ‘लीज’ शब्दाला का घाबरतो

हे समजल्याशिवाय आपले करार असे का लिहिले जातात ते कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

घाबरण्याची सुरुवात शेतीपासून आहे. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. माझ्या मते ते न्यायाचंच होतं, पण ‘कूळ लागेल’ ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या तोंडी बसली आणि शहरातही आली. शहरात १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा होता. त्यात भाडं गोठलं आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. त्यातून वाट म्हणून मालक ‘भाड्यानं’ द्यायचं सोडून ‘लायसन्सवर’ द्यायला लागले. मग १९७३ साली या कायद्यात कलम १५-अ आलं: १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेला माणूस भाडेकरू मानला जाईल. आदल्या दिवशी ज्यांना राहू दिलं होतं, त्यांना एका तारखेनं घर दिल्यासारखं झालं. त्यानंतर कितीतरी मालकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवणं पसंत केलं.

आजचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ नं राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घरांपुरता मालकाला भरवसा दिला: मुदत संपली की लायसन्सवरच्या माणसानं घर सोडायचं, न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून (अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून) ताबा मिळवता येतो आणि राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या फीच्या (लायसन्समध्ये भाड्याला फी म्हणतात) दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. आज शहरात भाड्याची घरं मिळतात त्यामागे हे कलम आहे. म्हणूनच तुमच्या करारात जागोजागी ‘यातून भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही’ असं लिहिलेलं असतं. मालकाला तुमच्यावर राग नाही, त्याला १९७३ आठवतं.

तुमच्या कागदाला हे विचारा

मथळा झाका आणि आत वाचा. मथळा फसवू शकतो. सर्वोच्च न्यायालयासमोर १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर हा खटला आला. दिल्लीच्या इंपिरियल हॉटेलातल्या दोन खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या आणि कागदाला लायसन्स म्हटलं होतं. न्यायालयानं बहुमतानं तो भाडेपट्टा ठरवला. नावापेक्षा गाभा पाहायचा, पक्षांचा खरा हेतू पाहायचा, जागेत हितसंबंध निर्माण झाला का ते पाहायचं, ही कसोटी त्या निकालापासून सगळीकडे वापरली जाते.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न: ताबा कुणाकडे? ‘ताबा दिला’ असं लिहिलंय की ‘वापरण्यास परवानगी दिली’? मालकाला वाजवी वेळी आत येऊन पाहण्याचा हक्क ठेवलाय का? एक किल्ली त्याच्याकडे आहे का? कायदेशीर ताबा मालकाकडेच असेल तर लायसन्स. दार तुम्ही आतून लावता आणि तिथे एकटेच राहता एवढ्यावरून लीज होत नाही. तो लीजकडे झुकणारा पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही.

दुसरा: घर विकलं तर? लीज असेल तर नवा मालक तुमच्यासकट घर घेतो, उरलेली मुदत त्याला पाळावी लागते. लायसन्स असेल तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार नव्या मालकावर तुमच्या परवानगीचं बंधन नाही. भाचीला हे ऐकून धक्काच बसला. २४ महिन्यांचा करार आहे म्हणजे २४ महिने घर आपलं, असं ती धरून चालली होती. तुम्हाला ही काळजी असेल तर सही करण्यापूर्वी एक ओळ घालून घ्या: मुदतीत घर विकल्यास मालक अमुक दिवसांची नोटीस देईल आणि डिपॉझिट घर रिकामं होण्याच्या दिवशी परत करेल.

तिसरा: दोघांपैकी एक जण वारला तर? लायसन्स ही व्यक्तीला दिलेली मुभा आहे, ती वारसाकडे जात नाही. भाडेपट्ट्यातला हक्क जाऊ शकतो. घरात आईवडील सोबत राहणार असतील तर राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात लिहून घ्या.

चौथा: मध्येच काढता येईल का? लायसन्स सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे मागे घेता येतं. फार थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे परवानगीच्या भरवशावर खर्च करून तुम्ही कायमस्वरूपी बांधकाम केलेलं असणं. पण अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही: कलम ६३ निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ देतं, आणि पैसे देऊन घेतलेली मुभा तुमचा दोष नसताना मुदतीआधी संपवून बाहेर काढलं तर कलम ६४ प्रमाणे भरपाई मागता येते. करारात ‘लॉक-इन’ कालावधी, म्हणजे करार मध्येच मोडता न येण्याचा काळ, असेल तर तो दोघांवरही सारखा लागू आहे का ते बघा. मी पाहिलेल्या अनेक मसुद्यांत तो फक्त राहणाऱ्यावर असतो. तो दोन्ही बाजूंना लावून मागा, बहुतेक मालक मान्य करतात.

आता एक सावधगिरी. मघाचा दिल्लीचा निकाल वाचून कुणाला वाटेल, चला, मथळ्याला काही अर्थच नाही. राहण्याच्या घरापुरतं महाराष्ट्रात तसं नाही. भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे तुम्ही लायसन्स म्हणून सही केली असेल तर पुढे ‘मी खरं तर भाडेकरू होतो’ हे सांगणं फार अवघड. जे म्हणायचंय ते सहीच्या आधी म्हणा.

‘ऑर’ आणि ‘ई’

करारात लेसॉर, लेसी, लायसेन्सॉर, लायसेन्सी हे शब्द पानोपानी येतात आणि वाचताना पाय अडखळतो. एम्प्लॉयर आणि एम्प्लॉयी आठवा. ज्याच्या शेवटी ‘ई’, त्याला मिळतं. ज्याच्या शेवटी ‘ऑर’ किंवा ‘अर’, तो देतो. मराठी दस्तात हीच जोडी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी असते, आणि तिथे गोंधळाला जागाच नाही. पहिल्या पानावर पेन्सिलीनं दोघांच्या नावापुढे ‘देणार’ आणि ‘घेणार’ लिहून ठेवा, पुढची पानं सोपी जातात. चुकून अदलाबदल झालेले मसुदेही असतात: गळती दुरुस्त करायची जबाबदारी ‘लायसेन्सी’वर टाकलेली एक ओळ मी पाहिली आहे, जी लिहिणाऱ्याला मालकावर टाकायची होती. एका अक्षरानं खर्च इकडचा तिकडे झाला असता.

मुद्रांकाच्या गणितात फरक उघडा पडतो

शब्दांचा अर्थ सरकार किती वेगळा समजतं ते पैशांत पाहा.

लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम अशी काढायची: सगळ्या मुदतीची फी, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असल्यास ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज. समजा फी महिना २०,००० रुपये, मुदत २४ महिने, परत मिळणारं डिपॉझिट १ लाख. फी झाली ४,८०,०००. डिपॉझिटवरचं दोन वर्षांचं व्याज २०,०००. बेरीज ५ लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. भरण्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या.

भाडेपट्ट्याचं गणितच निराळं. तिथे घराच्या बाजारमूल्याचा एक हिस्सा धरतात आणि त्यावर खरेदीखताच्या दरानं शुल्क लावतात. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला १० टक्के मूल्य, पुढे मुदत वाढेल तसा हिस्सा वाढतो आणि २९ वर्षांच्या वर गेला की ९० टक्के. घर ६० लाखांचं असेल तर तीन वर्षांच्या लीजसाठी ६ लाख धरले जातील, आणि दर ५ टक्के मानला तरी शुल्क ३०,००० रुपये. म्हणजे मुद्रांक कायद्याच्या नजरेत भाडेपट्टा हा विक्रीचाच एक तुकडा आहे. घर ‘दिलं’ या शब्दाला सरकार इतकं गंभीरपणे घेतं.

अकरा महिन्यांचं काय?

‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे: एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी. पण महाराष्ट्रात भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ही पळवाट बंद केली. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकाला हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा, तो स्वतःहून नोंदणीला तयार होईल.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. भाचीच्या मैत्रिणीचा तो ‘लीज डीड’ नुसताच नोटरी केलेला होता, आणि पारपत्राच्या वेळी पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालला नाही तेव्हा तिला हे कळलं. नोंदणी आता आधार आणि बोटांचे ठसे घेऊन घरबसल्या ऑनलाइन होते, त्यामुळे सबब उरलेली नाही.

दुकान घेणाऱ्यांसाठी

कलम २४ फक्त राहण्याच्या घरांना आहे. दुकानाच्या वा कार्यालयाच्या लायसन्सला ते लागत नाही, वाद झाला तर दिवाणी वाटेनं जावं लागतं, मुंबईत लघुवाद न्यायालयात. दुकानात तुम्ही फर्निचर, वीज, पाटी यांवर लाखो घालणार असाल तर नुसत्या मुभेवर ते घालू नका. मुद्रांक जास्त लागला तरी नोंदलेला भाडेपट्टा मागा. आठवडी प्रदर्शनातला टेबल किंवा मॉलमधला खोका असेल, तर लायसन्स पुरेसं आहे.

मुदत संपते त्या दिवशी

लायसन्सवर राहत असाल तर शेवटच्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये दोन महिने आधीची लावून ठेवा. मुदतवाढ हवी असेल तर नवा करार, पुन्हा नोंदणी. ‘राहा हो अजून दोन महिने’ या तोंडी शब्दावर थांबलात तर कागदावर तुम्ही मुदत संपलेले आहात आणि दुप्पट फीचं कलम तुमच्यावर लागू शकतं. मालकाचा होकार निदान मेसेजवर लेखी घ्या.

निघताना रिकाम्या खोल्यांचे, नळांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. शेवटचं वीजबिल आणि सोसायटीचं देणं किती ते मालकासमोर लिहा. मग एका कागदावर दोन ओळी: ‘सर्व किल्ल्या मिळाल्या. डिपॉझिट रुपये अमुक आज परत दिलं.’ खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. भाचीनं गेल्या महिन्यात घर बदललं तेव्हा हा कागद स्वतःच लिहून नेला होता. त्यात तिनं ‘घराचा ताबा परत दिला’ असं आधी लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं, ‘घराचा वापर थांबवला.’